हाताला काय लागतं

मुलीचा तंबोरा बोलेनासा झाला होता, म्हणून जवारी काढून घ्यायला मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेले होते. 2022 सालचा ऑक्टोबर असेल. दुकानातले चाचा साठी ओलांडलेले. घोडीवरून कानस दोन-तीनदा फिरवायची, भुकटी फुंकरीने उडवायची, तारा चढवायच्या, घोडीवरचं सूत नखाने सरकवायचं आणि मग भोपळ्यावर कपाळ टेकवून तार छेडायची. दर वेळी कपाळ. मला आधी वाटलं, वाद्याला नमस्कार करण्याची त्यांची रीत असेल. चौथ्या वेळी त्यांनी मान वळवली, कानामागचं हाड लाकडाला लावलं आणि तसेच डोळे मिटून बसले. तेव्हा माझ्यातली डॉक्टर जागी झाली.

"चाचा, ऐकू कमी येतं का?"

उत्तर त्यांच्या मुलाने दिलं, "जरा मोठ्यानं बोला मॅडम." चाचांनी माझ्या ओठांवरून प्रश्न ओळखला होता. म्हणाले, "आतनं येतंय की. बाहेरनंच येत नाही."

इतकं नेमकं निदान मला एमएसच्या परीक्षेतही सांगता आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बोलावून ट्यूनिंग फोर्क लावला. कानासमोर धरला की ऐकू येईना. कानामागच्या हाडावर टेकवला की चाचा हसायला लागले. "हे तर रोजचंच," म्हणाले.

ओटोस्क्लेरोसिस. कानातलं, आणि अख्ख्या शरीरातलं, सगळ्यात लहान हाड म्हणजे रिकीब. तिच्या बुडाशी नवं हाड वाढतं आणि ती जाम होते. आवाज पडद्यापर्यंत येतो, हातोडी हलते, ऐरण हलते, रिकीब मात्र जागची हलत नाही. आतला कान बहुतेक शाबूत असतो, म्हणून कवटीतून गेलेला आवाज बरोबर पोचतो. हे दुखणं घेऊन माझ्याकडे येतात त्यांत बायका जास्त. कुणाचं बाळंतपणानंतर वाढलेलं असतं. पिठाच्या गिरणीत आणि एसटीत हिला सगळं ऐकू येतं, स्वयंपाकघरात येत नाही, म्हणून सासू म्हणते सोंग करते. गिरणीत बाकीचे घरघरीवर मात करायला ओरडून बोलतात आणि हिला ती घरघर फारशी ऐकूच येत नाही, एवढंच त्यातलं गूढ. पण हे समजावून सांगितल्यावर मी दोन संसार सावरलेले पाहिलेत, ऑपरेशन न करता.

हातोडी, ऐरण, रिकीब ही नावं लोहारशाळेतून आणि तबेल्यातून आलेली. चाचांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस संपले तसे मिरजेतले हे कारागीर एकोणिसाव्या शतकात सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. ओळखीची नावं कानात आहेत हे ऐकून चाचांना बरं वाटलं. रिकीब केवढी असते, विचारलं. मी सांगितलं, उंची सव्वातीन मिलिमीटर, वजन तीन मिलिग्रॅमच्या आसपास; तांदळाच्या एका दाण्याच्या भारात पाच-सहा बसतील. ते म्हणाले, "मग तुमची कानस केवढी?"

त्यांचा उजवा कान मी त्याच डिसेंबरात केला. आम्ही असंच म्हणतो, 'कान केला'. कानाच्या नळीत भूल द्यायची, पेशंट जागा. नळीची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर आणि रुंदी सातेक मिलिमीटर. तळाशी पडदा अर्धा उचलून पुढे दुमडायचा, आडवं येणारं थोडं हाड खरवडायचं. जिभेच्या चवीची नस तिथूनच जाते, ती बाजूला सारायची. चेहऱ्याची नस रिकिबीच्या डोक्यावरच, तिला तर धक्काही लागता कामा नये. मग रिकिबीच्या तळपट्टीला पाऊण मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि त्यात 0.6 मिलिमीटर व्यासाचा टेफ्लॉनचा पिस्टन सोडून त्याची कडी ऐरणीच्या लांब पायात अडकवायची. या वाटेवरचा पहिला माणूस मेम्फिसचा जॉन शे. त्याने 1956 मध्ये रिकीब काढून टेफ्लॉनची नकली रिकीब बसवली. तळपट्टीच्या पलीकडे आतल्या कानाचं पाणी. तिथे दोन-अडीच मिलिमीटर आत तोल सांभाळणाऱ्या नाजूक पिशव्या. तेवढीच जागा.

पिस्टन बसला की मी पेशंटच्या कानाजवळ हळूच विचारते, जेवणात काय होतं? चाचा टेबलावरूनच म्हणाले, "ओरडताय कशाला?"

इथे गोष्ट संपली असती तर मी हे लिहायला बसले नसते. पंधरवड्याने तपासायला आले तेव्हा ते नाराज होते. आवाज टोचतो म्हणाले. सुरुवातीला तसं होतं, हळूहळू बसतं. पण खरं कारण वेगळंच निघालं. गेल्या चार वर्षांत हाडातून ऐकून काढलेल्या जवाऱ्या त्यांना आता बाहेरून ऐकू येत होत्या, आणि त्या त्यांना पटत नव्हत्या. "फार उघड्या ठेवल्यात. मला तेवढ्या लागत होत्या, गाणाऱ्याला नकोत." दोन तंबोरे त्यांनी गिऱ्हाइकांकडून परत मागवले होते, स्वतःच्या खर्चाने. एकाने विचारलं, काय बिघडलंय? चाचांनी सांगितलं, माझा कान दुरुस्त झालाय.

आता माझ्या हाताविषयी. कान-नाक-घसा शिकताना आमच्या सरांनी आम्हाला अंडी आणायला लावली होती. अंड्याचं कवच ड्रिलने घासायचं आणि आतला पापुद्रा फाटू द्यायचा नाही. पहिल्या आठवड्यात वसतिगृहात रोज ऑम्लेट. सर पाठीमागे उभे राहून म्हणायचे, "डोळ्याला काय दिसतं ते नको सांगू. हाताला काय लागतं ते सांग." पुढे मीही माझ्या विद्यार्थ्यांना तेच सांगत आले. हाताला लागतं. पट्टी पातळ आहे की जाड, पिस्टनची कडी बसली की नाही, हे हातालाच कळतं. ही आमच्या धंद्यातली श्रद्धा आहे आणि तिच्यावर आमची फी चालते.

त्या श्रद्धेने मला एकदा दगा दिला होता. 2009 मध्ये, तेव्हा मी जिथे काम करत होते तिथे, एका शाळेतल्या बाईंचा कान माझ्या हातून गेला. रिकिबीचे पाय आधीच मोडून काढले होते, तेव्हा मी तशाच क्रमाने करत असे. तळपट्टीवर भोक पाडायचा परफोरेटर टेकवला आणि अंगठा-तर्जनीत धरून फिरवायला लागले. पट्टी जाड वाटली. किंचित दाब दिला. आणि पट्टीची एक कड आत बुडाली. मायक्रोस्कोपमध्ये मला ते स्पष्ट दिसलं. हाताला काहीही लागलं नाही, ना टक, ना झटका. लोण्यात सुरी जावी तसंही नाही, कारण लोणीसुद्धा हाताला कळतं.

तिथे थांबायला हवं होतं. पडदा परत बसवायचा आणि काही महिन्यांनी नव्याने यायचं, हे मला तोंडपाठ होतं. मी सिस्टरकडे हूक मागितला. ती बुडती कड उचलायला गेले. बाईंना टेबलावरच गरगरायला लागलं, उलट्या झाल्या. आठवड्याने काढलेल्या ऑडिओग्रामची रेघ तळाला होती. शंभरात एखाद्याचा असा कान जातो, हे मी बाईंना सही घेण्याआधी सांगितलं होतं. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. "दुसरा आहे ना," म्हणाल्या. नंतर एकदा त्यांच्या शाळेत काही कामाने गेले, तर त्या वर्गात डावीकडच्या मुलांचं उत्तर ऐकायला अख्ख्या अंगाने वळत होत्या.

त्यानंतर मी झ्युरिचच्या उगो फिश यांनी सांगितलेला उलटा क्रम धरला. आधी भोक, मग पिस्टन, आणि पाय मोडायचे ते सगळ्यात शेवटी, म्हणजे पट्टीला तोवर आधार राहतो. पण मनात एक वाक्य चौदा वर्षं राहिलं: हाताला लागायला हवं होतं. म्हणजे माझा हात कमी पडला. सरांचा असता तर लागलं असतं.

2023 च्या सप्टेंबरात मी पॅरिसला गेले ती दोन दिवसांच्या एका प्रशिक्षणवर्गाला. देहदानातून आलेल्या टेम्पोरल बोनवर, म्हणजे कानाच्या हाडावर, रोबोट वापरून बघायचा. माझं वय तेव्हा सत्तावन्न. घरी सांगितलं होतं की नवं काही शिकायला जाते. खरं कारण हे होतं की मायक्रोस्कोपची ताकद वाढवली की मला अलीकडे सुईचं टोक पूर्वीपेक्षा जास्त हलताना दिसत होतं. निरोगी हातही सेकंदाला आठ-बारा वेळा थरथरतो, त्यात लाज काही नाही. मनगट पेशंटच्या डोक्यावर टेकवायचं, करंगळीने आधार घ्यायचा, नेमक्या क्षणी श्वास रोखायचा, सकाळी कॉफी घ्यायची नाही, या युक्त्यांवर आमची पिढी जगली. पण युक्त्यांनाही वय असतं.

रोबोट म्हटलं की लोकांना वाटतं, तो ऑपरेशन करतो. माझ्या सासूबाईंनी तर विचारलंच होतं, मग तू काय करणार, बिल फाडणार? इथला रोबोट आपणहून काही करत नाही. रोबोटॉल त्याचं नाव. ऑलिव्हिए स्टेर्कर्स आणि यान न्गुयेन यांच्या गटातल्या सर्जनांनी आणि पॅरिसच्या विद्यापीठातल्या यंत्रज्ञांनी तो घडवला. कोलँ नावाची फ्रेंच कंपनी तो बनवते. युरोपात वापरायची परवानगी त्याला 2016 मध्ये मिळाली. पोटाच्या ऑपरेशनचे प्रसिद्ध रोबोट कानात येऊच शकत नाहीत, त्यांची अवजारंच पाच-आठ मिलिमीटर जाड, नळीच तेवढी. म्हणून हा वेगळा घडवावा लागला. सहा दिशांना हलणारा सडपातळ हात, आणि तो अशा बेताने वाकतो की मायक्रोस्कोपच्या नजरेआड येत नाही. ही शेवटची गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते. ज्याने स्वतःच्याच बोटांनी स्वतःची नजर अडवून घेत वीस वर्षं काढलीत त्याला विचारा.

सर्जन पेशंटजवळच बसतो, मायक्रोस्कोपमधूनच बघतो. फक्त हातात अवजार नसतं. टेबलावर एक गोल मूठ असते, यंत्रांचे आराखडे कॉम्प्युटरवर काढणारे लोक वापरतात तसली. ती ढकलली की रोबोटचा हात त्या दिशेला सरकायला लागतो, वळवली की वळतो. मला वाटलं होतं, माझा हात जेवढा हलेल त्याच्या दहावा हिस्सा टोक हलेल. तसं नव्हतं. मूठ किती दाबता त्यावर टोक किती वेगाने जातं ते ठरतं. दाबून ठेवली तर ते जातच राहतं. मी पहिल्या प्रयत्नात सुई थेट ऐरणीवर नेऊन आदळली. दुसऱ्या प्रयत्नात घाबरून मूठ सोडून दिली आणि हादरलेच. टोक जिथल्या तिथे थांबलं. थांबलं म्हणजे चित्रात थांबावं तसं. तीन दशकांत मी कानाच्या आत थांबलेली सुई कधी बघितली नव्हती. ती नेहमी थोडी जिवंत असते. मी मायक्रोस्कोपमधून डोळे काढले, पाणी प्यायले, परत येऊन बघितलं. सुई तिथेच.

त्या निश्चल सुईचा मला हेवा वाटला. आणि किंचित भीतीही, कारण पेशंट जागा असतो, खोकतो, आणि आपला हात त्याच्या डोक्यावर टेकलेला असतो म्हणून त्याच्याबरोबर हलतो. हा हलणार नाही. मूठ उलटी खेचून तो बाहेर घ्यायला क्षण लागणारच. मी हे विचारलं. त्यांनी सांगितलं, म्हणून पूर्ण भूल देतो आणि डोकं हलू देत नाही. म्हणजे "ओरडताय कशाला" गेलं. यंत्राबरोबर काय काय जातं याचा हिशेब माहितीपत्रकात नसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुई तळपट्टीवर टेकवून, पट्टी न हलवता, उचलून घ्यायची होती. मी तीनदा केलं, तिन्ही वेळा नीट. उठताना मी शिकवणाऱ्या तरुण इंजिनिअर मुलीला तक्रारीच्या सुरात म्हटलं, तुमच्या यंत्रात सगळं आहे, पण हाताला काही लागत नाही. मुठीत काहीच परत येत नाही.

ती म्हणाली, "मादाम, तुम्ही आत्ता तीनदा टेकवलंत. कसं कळलं टेकलं ते?"

"दिसलं," मी म्हटलं. पट्टीवरच्या ओलसर चकाकीत सुईचं प्रतिबिंब असतं. टोक आणि प्रतिबिंब एकमेकांना भेटली की टेकलं. पट्टीवरचा पाण्याचा थर किंचित खळगा धरतो. असं बरंच सांगितलं मी, ओघात.

"आणि मिरजेत हाताने करता तेव्हा?"

मी गप्प बसले. तिने मग एक जुनं संशोधन सांगितलं, डोळ्याच्या सर्जनांचं. पडद्यावरच्या शस्त्रक्रियेत अवजाराच्या टोकावर जो दाब पडतो, तो बहुतेक वेळा बोटांना कळण्याच्या खालचाच असतो. साडेसात मिलिन्यूटन, म्हणजे एका ग्रॅमच्या भारापेक्षाही कमी. सर्जनना वाटतं की आपल्याला स्पर्श कळतो; खरं तर डोळ्याला दिसलेलं ते हाताच्या खात्यावर जमा करतात. कानात काही वेगळं असेल असं तिला वाटत नव्हतं. मी तिला मराठीत एक शब्द मनातल्या मनात ऐकवला आणि आभार मानले.

विमानात बसून मी जे काही मोठे शोध आठवले त्यांत हातच सापडत होता. न्यू यॉर्कचा सॅम्युअल रोझेन 1952 मध्ये एका पेशंटची रिकीब खरंच जाम आहे का हे नुसतं चाचपून बघत होता. जरासा धक्का बसला, रिकीब सुटली आणि टेबलावरचा माणूस म्हणाला, मला ऐकू येतंय. त्यातून पुढचं सगळं सुरू झालं. रोबोटने असा धक्का दिला नसता. पण मग आठवलं, की मायक्रोस्कोप नसता तर त्या जागी पोचणंच मुश्कील, आणि तो कानात आणला तो स्टॉकहोमच्या कार्ल ओलोफ नायलेनने, 1921 मध्ये, एका डोळ्याने बघायचा. पुढच्याच वर्षी तिथल्याच होल्मग्रेनने दोन डोळ्यांचा वापरला. त्याहीआधीचे सर्जन हाताला लागतं असंच म्हणत असणार. अंधारात.

मिरजेला आल्यावर मी सराफ कट्ट्यावरून सोनं तोलायचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणला, शंभरांश ग्रॅम दाखवणारा. रविवारी दुपारी, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर बंद असताना, डोळे मिटून कानाची सुई त्याच्या तबकडीवर हळूहळू टेकवत न्यायची आणि 'लागलं' म्हणायचं. आकडा माझ्या हाताखालचा रजिस्ट्रार वाचणार. दहा वेळा केलं. माझं 'लागलं' सरासरी 1.4 ग्रॅमला येत होतं. एकदा तर 2.3. डोळे उघडे ठेवून केलं की 0.1 च्या आत. रजिस्ट्रार अठ्ठावीस वर्षांचा. त्याचं डोळे मिटून 0.8. माझ्यापेक्षा चांगलं, पण त्यानेही काही अभिमान बाळगावा असं नाही. ही काही शास्त्रीय चाचणी नव्हे. सुई धरण्याची पद्धत, तबकडीचा उंबरठा, शंभर खोडी काढता येतील. मला पुरली.

म्हणजे 2009 मध्ये लागलं नाही, कारण लागण्यासारखं नव्हतंच. सरांनाही लागलं नसतं. हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. तसं झालं नाही. कारण मग उरला तो हूक. पट्टी बुडाली ती हाताच्या थरथरीने नव्हे आणि स्पर्श हुकल्यानेही नव्हे. कान गेला तो त्यानंतरच्या दहा सेकंदांत, जेव्हा मला दिसत होतं, माहीत होतं, आणि तरी मी 'आत्ता आवरून टाकू' म्हटलं. त्या दिवशी माझ्याजवळ रोबोट असता तर त्याने तो हूक अजिबात न थरथरता आत नेला असता.

रोबोट कुठे उपयोगाचा, याचं माझं मत त्यानंतर स्थिर झालं, आणि ते विकणाऱ्यांना आवडणार नाही. पिस्टनसाठी मी तो घेणार नाही. सरावलेल्या हाताला ते काम चाळीस मिनिटांत जमतं. यंत्र मांडायला, त्यावर निर्जंतुक आवरण चढवायला आणि जागेवर आणायलाच निम्मा वेळ जातो. आतल्या कानाची गोष्ट निराळी. कॉक्लिअर इम्प्लांटची तार शंखात सरकवायची असते, जितकी हळू तितकं आतलं नाजूक काम शाबूत राहायची शक्यता जास्त. सेकंदाला साधारण एक मिलिमीटर याहून हळू, न थांबता, माणसाचा हात जाऊच शकत नाही, झटके येतात. यंत्र सेकंदाला एक दशांश मिलिमीटरने जातं. चोवीस मिलिमीटरला चार मिनिटं, एका लयीत. तिथे हाताने हात जोडावेत. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला तर 2016 मध्ये कॉक्लिअर इम्प्लांटसाठी एका पेशंटच्या कवटीत रोबोटनेच बारीक बोगदा पाडला, चेहऱ्याची नस आणि चवीची नस यांच्या मधल्या फटीतून. ती फट अडीच-तीन मिलिमीटरची. हे वाचताना माझे तळवे घामेजले होते.

पण मला स्वतःला ज्याचा मोह पडला ते काम अगदीच हलकं आहे. एंडोस्कोप धरणं. आता बरेच कान आम्ही एंडोस्कोपने करतो. कोपऱ्यामागचं दिसतं, चिरा कमी लागतो. फक्त डावा हात एंडोस्कोप धरण्यात अडकतो आणि सगळं ऑपरेशन उजव्या हाताने. रक्त आलं की अवजार ठेवा, सक्शन घ्या, रक्त ओढा, सक्शन ठेवा, अवजार घ्या, तोवर पुन्हा रक्त. चुलीवर भाकरी आणि कडेवर मूल, तशी गत. दुसऱ्याला धरायला द्यावं तर एवढ्याशा नळीत त्याची बोटं माझ्या बोटांना भिडतात. पॅरिसमध्ये शेवटच्या तासाला त्यांनी रोबोटला एंडोस्कोप धरायला लावला. माझे दोन्ही हात मोकळे. डाव्या हाताने पडद्याची कड धरून उजव्याने सोडवली, आणि मला कळलं की माझा डावा हात हे काम विसरलेला नाही. त्या रोबोटच्या किमतीत आमच्या गल्लीतली दोन हॉस्पिटलं उभी राहतील, म्हणून तो मोह तिथेच सोडून आले. स्टँडवाला म्हणून कुणी स्वस्तात काही काढलं तर मी रांगेत पहिली.

चाचांचा डावा कान 2024 च्या फेब्रुवारीत केला, हाताने, मायक्रोस्कोपखाली, ते जागे असताना. त्या वेळी मी एक बदल केला. सुई टेकवताना रजिस्ट्रारला स्क्रीनकडे बघत बोलायला सांगितलं: टेकलं, नाही टेकलं, पट्टी हलली, नाही हलली. 'हाताला लागलं' हा शब्द ओटीत बंद. एका डोळ्यापेक्षा दोन माणसांचे चार बरे. आणि हूक मांडणीत ठेवायचा नाही. लागला तर कपाटातून आणायला सांगायचा. सिस्टरला हे विचित्र वाटलं, पण कपाट खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि मला तेवढंच अंतर हवं होतं.

सहा आठवड्यांनी चाचा तपासायला आले. नुकतंच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं होतं, गल्लीत पेढे वाटत होते, तेही घेऊन आले. ऑडिओग्राम चांगला होता. टेबलावर सराफी काटा पडलेला होता. "सोनं घेताय का काय मॅडम आता?" मी सगळी हकिकत सांगितली, डोळे मिटून केलेल्या प्रयोगाची आणि माझ्या 1.4 ची. त्यांना ती फार आवडली. म्हणाले, मीपण करणार.

डोळे मिटले. सुई माझ्यासारखी तीन बोटांत धरली नाही, कानस धरतात तशी अख्ख्या हातात. रजिस्ट्रार आकडा वाचायला वाकला. मी पंखा बंद करायला लावला. चाचांनी सुई खाली आणायला सुरुवात केली आणि हळूहळू मानही खाली आणली, वळवली, इतकी की डावा कान तबकडीच्या वर वीतभर अंतरावर आला. मला दुकानातलं कपाळ आठवलं. पण कपाळ कुठे टेकलेलं नव्हतं.

"लागलं."

रजिस्ट्रार म्हणाला, "झिरो पॉइंट झिरो सहा."

त्याने परत करायला लावलं. 0.05. मी विचारलं, "चाचा, बोटाला लागतंय?"

"बोटाला कुठलं," चाचा डोळे न उघडता म्हणाले. "टिक वाजतंय की. तुम्हाला येत नाही ऐकू?"

मी वाकून कान तबकडीजवळ नेला. रजिस्ट्रारनेही नेला. चाचांनी तिसऱ्यांदा सुई उचलली.